खुंटीवरची साखर

 

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत बोटाएवढ्या एका बाटलीवरून भांडण झालं. झालं असं, की महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेत दुकान लावायचं ठरलं होतं. पापड, कुरड्या, लोणचं तर सगळेच गट ठेवतात. म्हणून आमच्यातल्या एका सुनेने सुचवलं, की आपण पोरांसाठी फळाच्या स्वादाची चिवट गोळी करू. ती पाक ओढून ओढून करतात, दाताखाली रबरासारखी लागते आणि चघळत राहिलं की लवकर संपत नाही. सगळ्यांना पटलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरकडचा मृग बहाराचा संत्रा बाजारात येतो, तेव्हा संत्र्याचीच गोळी करू, हेही ठरलं. मग त्या सुनेने पिशवीतून संत्रा इसेन्सची बाटली काढली. म्हणाली, चार थेंबांत काम होतं, संत्री सोलत कशाला बसायचं? त्यावर आमची सर्वांत वडील काकी बोलली, "बाई, संत्र्याच्या गोळीत संत्राच नाही, तर मग तिला संत्र्याची गोळी म्हणायचं कशाला?"

सून म्हणाली, दुकानातल्या गोळीत तरी कुठे असतो? काकी म्हणाली, म्हणूनच तर विचारते. मी गटाची सचिव, वही माझ्या मांडीवर. मी काही लिहिलं नाही. घरी आले तरी काकीचा प्रश्न डोक्यातून जाईना, आणि मग मी या गोळीचा मागोवा घ्यायला लागले. आजचं बोलणं त्याच मागोव्याचं आहे. भांडणाचा निकाल शेवटी सांगते.

सुरुवात आपल्या दारातून करू. मी लहान असताना आमच्या मामाच्या गावाला गुऱ्हाळ लागायचं. ज्यांनी पाहिलं असेल त्यांच्या नाकात तो वास आत्ताही आला असेल. एकीकडे चरकात ऊस, दुसरीकडे चुलवाणात वाळलेली चिपाडं, वर भली मोठी कढई. रस उकळला की वर मळी येते. रानभेंडीचा चिकट रस टाकून ती बांधून घ्यायची आणि झाऱ्याने काढायची. रस तांबडा होतो, घट्ट होतो, आधी काकवी, मग गूळ. गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा जो कारागीर, तो गुळव्या. त्याच्याजवळ ना घड्याळ, ना कसलं माप. तो थोडा पाक गार पाण्यात टाकायचा आणि बोटांनी गोळी वळून बघायचा. गोळी हातात धरली गेली, की कढई खाली.

आम्हा पोट्ट्यांचं लक्ष त्या पाण्याच्या भांड्यावरच असायचं. गोळी वळून झाली की ती आमची. कधी कधी गुळव्या उसाच्या कांडीचं टोक पाकात बुडवून, पाण्यात विझवून हातात द्यायचा. मग आम्ही दोघी बहिणी दोन टोकांना धरून ती ओढायचो. ओढायचं, दुमडायचं, परत ओढायचं. लालसर काळा गूळ बघता बघता सोनेरी व्हायचा आणि चकाकायचा. गूळ तोच, मग रंग का बदलतो, हे तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं आहे. दर वेळी दुमडताना त्यात हवा कोंडली जाते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे होतात. उजेड त्या बुडबुड्यांवर फुटतो म्हणून गूळ फिका दिसतो, आणि त्या हवेमुळेच तो दगडासारखा न बसता चिवट राहतो. चिवट गोळीचं सगळं गुपित एवढंच आहे.

आपल्याकडे हा ऊस आला कसा, तेही सांगायला हवं. भंडारा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. वैनगंगेच्या या खोऱ्यात कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या बांध घातले, तलाव खोदले, बोड्या बांधल्या. आज आपण ज्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो, त्यांतल्या कितीतरी तलावांमागे याच लोकांचं कसब आहे. नवेगावचा मोठा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे तुम्ही ऐकलंच असेल. १९९९ साली जिल्हा फुटला आणि नवेगाव गोंदियात गेलं, पण कोलू पाटलांच्या वेळी अशी रेघ नव्हती. इंग्रजी अमलात मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठे ग्रंथ निघाले, ते १९१६ साली छापले गेले. त्यांत कोहळ्यांबद्दल दोनच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: तलाव बांधण्यात यांचा हात कोणी धरत नाही, आणि यांचं आवडतं पीक ऊस. दोन्ही गोष्टी एकच आहेत म्हणा ना. तलाव असला तरच ऊस, आणि ऊस असला तरच मामाच्या गावचं गुऱ्हाळ.

आता या ओढलेल्या साखरेचं नाव बघा, ते कुठपर्यंत गेलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारात ठेवायच्या गोड पदार्थांची यादी आहे: फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड, शर्करा. फाणित म्हणजे आपली काकवी, आटवलेला उसाचा रस. खंड म्हणजे खांड, तुकड्यांची साखर. हे पदार्थ व्यापाऱ्यांबरोबर इराणात गेले, तिथून अरबांकडे. नावंही बरोबर गेली. फाणिताचं तिकडे फानीद झालं, पण अर्थ थोडा बदलला. तिथे फानीद म्हणजे ओढून पांढरी केलेली साखरेची गोळी! तीच पुढे युरोपात औषधवाल्यांच्या दुकानात पोचली आणि खोकल्यावर, बसलेल्या घशावर चघळायला देऊ लागले. आणि खांडेचं? फारसी, अरबी, फ्रेंच अशी वळणं घेत खांडेची झाली कॅन्डी. आपली पोरं दुकानात जाऊन कॅन्डी मागतात, तेव्हा आपण म्हणतो इंग्रजी झाली पोरं. खरं तर ती खांडच मागतात.

१२२६ साली बगदादमध्ये स्वयंपाकाचं एक पुस्तक लिहिलं गेलं. त्यात एका कोरड्या मिठाईची कृती आहे. साखरेचा पाक घट्ट आटवायचा, पाटावर ओतून कोमट होऊ द्यायचा, मग एका गुळगुळीत लोखंडी खुंटीवर अडकवून दोन्ही हातांनी ओढायचा, परत खुंटीवर चढवायचा, परत ओढायचा, पांढरा होईपर्यंत. हे वाचून मला हसूच आलं. कारण रेवडी करणारे आजही हेच करतात! भिंतीत खुंटी, खुंटीवर पाकाचा लोळ, आणि पुढे उभा राहून अंगाचं सगळं वजन टाकून ओढणारा कारागीर. पांढरं झालं की कापायचं आणि गरम तिळात घोळायचं. गायमुखला, पवनीला, कुठल्याही यात्रेत आपण फुटाण्यांबरोबर जी रेवडी बांधून आणतो, ती आठशे वर्षांच्या त्या कृतीची सख्खी बहीण आहे.

आता थोडं लांब जायचं आहे, कारण रेवडी ओढणारे बहुतेक पुरुष, आणि मला बायांचे हात शोधायचे होते. ते सापडले कॅनडात. तिथे मॉन्ट्रियल नावाचं शहर आहे. सतराव्या शतकात ते एक नवीन वसलेलं खेडंच होतं. मार्गरीट बुर्ज्वा नावाच्या बाईने १६५८ साली तिथे एका रिकाम्या गोठ्यात पहिली शाळा उघडली. पोरी शाळेत यायला तयार होईनात. तिकडे अशी कथा सांगतात, की या बाईने मळीची चिवट गोळी करून वाटायला सुरुवात केली आणि त्या गोडीने पोरी आल्या. कथा किती खरी ते देव जाणे, पण तिकडच्या घरांतून दर वर्षी २५ नोव्हेंबरला, संत कॅथरीनच्या सणाला, अशी गोळी ओढतात. अंगणवाडीताईंना ही गोष्ट जरूर सांगा. खाऊ दाखवून पोरांना शाळेत आणणं ही काही आजची युक्ती नाही.

पुढे अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोळी ओढायची बैठकच बसायची. संध्याकाळी शेजारपाजारच्या मुली-मुलं एकत्र जमायची, हाताला लोणी लावायचं, जोडीजोडीने पाक ओढायचा, गप्पा मारायच्या. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना घरच्यांच्या देखत बोलायला मिळायचं, हा त्यातला मोठा लाभ. आपल्याकडे उन्हाळ्यात चार घरच्या बाया मिळून शेवया-कुरड्या करतात, तसंच ते. तोंडं चालतात म्हणून हातही चालतात.

पण ती मळी कुठून येत होती? हा प्रश्न विचारल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. ती येत होती वेस्ट इंडीज बेटांवरून, आणि तिथला ऊस आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम माणसं तोडत होती. बायासुद्धा. कोयता, चरक, कढई, सगळं त्यांच्या हातून. चरकात हात गेला तर तो तोडायला जवळच कुऱ्हाड ठेवलेली असायची.

१७९१ साली विल्यम फॉक्स यांनी इंग्लंडमध्ये एक पुस्तिका काढली. सांगणं सरळ होतं: ही साखर विकत घेणारा त्या पापाचा भागीदार आहे. घरातलं वाणसामान कोण आणतं? बाया. त्यांनी साखर बंद केली. थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजाने सुमारे तीन लाख लोकांनी तेव्हा ती साखर सोडली. पुढे १८२० नंतर एलिझाबेथ हेरिक नावाच्या बाईने लेस्टर गावात घरोघर जाऊन हेच सांगितलं. पुरुष पुढारी म्हणत होते, गुलामी हळूहळू बंद करू. ही बाई म्हणाली, हळूहळू नाही, आत्ता. त्या बायांच्या घरी साखरदाण्यांवर लिहिलेलं असायचं, की यातली साखर हिंदुस्थानची आहे, गुलामांच्या हातची नाही. म्हणजे आपल्या देशातली साखर तिकडे इमानाची म्हणून खपत होती. बंगालच्या शेतमजुराला त्या वेळी पोटभर मिळत होतं का, हे मात्र त्या साखरदाणीवर लिहिलेलं नव्हतं.

आणि आजचं काय? ऊसतोडीला नवराबायको जोडीने जातात, दोघांचा मिळून एक कोयता धरतात. खाडा झाला तर दंड. पाळीत, पोटुशी असताना, बाळंतपणानंतरही मोळी डोक्यावर. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. मी हा आकडा गटात वाचून दाखवला तेव्हा कोणी काही बोललं नाही. काकी तेवढी म्हणाली, "मग आपण गूळ का नाही वापरत, ज्याच्या शेतातला आहे तो माणूस आपल्याला ठाऊक आहे तो?" तिचा हा दुसरा प्रश्नही मी वहीत लिहिला.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते. गोळीतलं फळ गेलं कुठे?

ते गेलं १८५१ च्या सुमाराला. त्या वर्षी लंडनमध्ये सगळ्या जगाच्या कारागिरीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात रसायनवाल्यांनी बाटल्या मांडल्या होत्या: नासपतीचा वास, सफरचंदाचा वास, अननसाचा वास. आत फळाचा थेंबही नाही. मद्यार्क आणि आम्ल यांच्या मिलाफातून हे वास तयार होतात, हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. लोक थक्क झाले. गोळ्या करणाऱ्यांनी मात्र लगेच हिशोब केला, की फळाचा मोसम असतो, फळ सडतं, महाग पडतं. बाटली बारा महिने उभी राहते.

आपल्या महाराष्ट्रात कारखान्यातली गोळी आली ती स्वदेशीच्या दिवसांत. १९२९ साली मुंबईजवळ विलेपार्ले इथे मोहनलाल दयाळ चौहान यांच्या घराण्याने कारखाना काढला. आज ते नाव बिस्किटांसाठी घेतात, पण बिस्किटं दहा वर्षांनी आली. आधी गोळ्याच होत्या, आणि पहिली गोळी संत्र्याची होती म्हणतात. तिकडे नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगावला वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला, आणि १९४२ पासून तिथे गोळ्या निघू लागल्या. माझ्या वयाच्या बाया रावळगाव म्हटलं की अजून खिसा चाचपतात. लग्नाच्या पंगतीत पानाच्या स्वादाची गोळी वाटायचे, आठवतं? विलायती गोळ्यांपुढे आपल्या मातीतली गोळी ताठ उभी राहिली, याचं मला कौतुकच आहे. २०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावं २७ कोटी रुपयांना रिलायन्सने विकत घेतली. माणसं मोठी झाली तरी लहानपणची गोळी विसरत नाहीत, याचीच ती किंमत म्हणायची.

फळ गेल्यावर हात गेले. पाक ओढणं हे फार कष्टाचं काम. बगदादच्या खुंटीपासून अमेरिकेतल्या दुकानापर्यंत ते माणसाच्या खांद्यांवरच होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे ओढायची यंत्रं निघाली. दोन-तीन दांडे एकमेकांभोवती फिरतात आणि पाकाची वेणी घालतात. अगदी आपण पोरीची वेणी घालतो तशी. हर्बर्ट डिकिन्सन नावाच्या माणसाच्या यंत्राचा हक्क हिल्ड्रेथ नावाच्या व्यापाऱ्याने ७५ हजार डॉलरला घेतला. मग दुसऱ्याने त्यासारखंच यंत्र केलं, खटला झाला आणि तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२१ साली निकाल लागला, डिकिन्सनचा हक्क खरा ठरला. गोळी ओढण्यावरून देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल द्यावा! पण त्यात नवल नाही. एका दांड्याने दहा माणसांचे खांदे वाचत असतील, तर त्या दांड्याला मोल येणारच. यंत्र आलं ते बरंच झालं असं मी म्हणेन. दिवसभर खुंटीवर ओढून ज्याचे खांदे गेले, त्याला विचारा.

पण फळ जाण्याबद्दल मला तसं म्हणवत नाही.

आता आमच्या गटाचं. बोलून काही होत नाही, करून बघू असं ठरलं, आणि एका दुपारी काकीच्या अंगणात दोन घाणे केले. एक बाटलीचा, एक संत्र्याचा.

पहिला घाणा, बाटलीचा, माझ्या हातचा. फसला. पाक उकळत असताना मी सारखा सराटा फिरवत बसले, कढईच्या कडेचे कण आत पडले, आणि ओढताना सगळी साखर फिरली, वाळूसारखी रवाळ झाली. शिवाय तापलेल्या पाकाचा थेंब मनगटावर पडला. तायांनो, हे नीट ऐका. साखरेचा पाक पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि कातडीला चिकटून बसतो. शेजारी गार पाण्याची बादली ठेवल्याशिवाय या कामाला हात घालू नका, आणि लहान पोरांना अंगणाबाहेर ठेवा. भाजलं तर वीसेक मिनिटं वाहतं गार पाणी. तूप नाही, दंतमंजन नाही, आणि चिकटलेला पाक ओरबाडायचा नाही. फोड मोठा असेल तर सरळ दवाखाना.

दुसरा घाणा काकीने सांगितला तसा केला. दोन वाट्या साखर, अर्धी वाटी ओळखीच्या शेतातला पिवळा गूळ. गुळात अशी साखर असते जी रवाळ होत नाही आणि दुसऱ्या साखरेलाही होऊ देत नाही. दुकानातल्या गोळीत हेच काम ग्लुकोजचा पाक करतो. काकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला गुऱ्हाळावरची गोळी ठाऊक होती, आणि तेवढं पुरलं. एक वाटी संत्र्याचा रस गाळून, आटवून अर्धी वाटी केला. सगळं एकत्र विरघळवलं, चिमूटभर मीठ, एक चमचा तूप. मंद आचेवर ठेवून उकळी आल्यावर जवळपास ढवळायचं नाही, फक्त तळाला लागत नाही ना एवढं बघायचं. कढईच्या कडा ओल्या फडक्याने पुसून घ्यायच्या. मग गुळव्याची परीक्षा: गार पाण्यात थेंब टाकला की त्याची घट्ट गोळी झाली पाहिजे, पण अंगठ्याने दाबली तर दबली पाहिजे. कुरकुरली तर पाक पुढे गेला, विरघळली तर अजून वेळ आहे.

उतरवल्यावर काकीने दोन संत्र्यांच्या सालीचा वरचा केशरी भाग बारीक किसून टाकला. आतला पांढरा नको, तो कडू. आणि तुम्हाला सांगते, संत्र्याचा वास रसात नसतोच फारसा, तो सालीच्या तेलात असतो. जी साल आपण उकिरड्यावर टाकतो, तिच्यात. अंगणभर वास सुटला आणि बाटलीवाली सून स्वतःच जवळ येऊन बसली.

तूप लावलेल्या परातीत पाक ओतला. कडा आत दुमडत दुमडत हाताला सोसेल इतका निववला आणि दोघीदोघींनी ओढायला घेतला. पंधरा मिनिटं लागली. सुरुवातीला तार तुटते, मग जमतं. रंग गडद तपकिरीवरून फिक्या मधासारखा झाला. घट्ट व्हायला लागला की दोरी वळून तूप लावलेल्या कात्रीने तुकडे केले आणि एकेक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळला. उघडे ठेवले तर हवेतला ओलावा ओढून एकमेकांना चिकटतात. म्हणूनच आषाढ-श्रावणात ही गोळी करू नका, आपल्याकडच्या पावसात ती टिकणार नाही. याच पद्धतीने उन्हाळ्यात आमरस आटवून आंब्याचीही होते. चिंच, कवठ फार आंबट. ती सुरुवातीला घातली तर पाक घट्टच होत नाही, म्हणून त्यांचा कोळ आधी वेगळा आटवून अगदी शेवटी, बेताने घालायचा.

चव कशी होती? चांगली होती. पण खोटं बोलणार नाही. बाटलीची गोळी दिसायला झळझळीत केशरी असते, आमची मळकट दिसत होती. सुनेच्या पोराने आधी रंग बघून नाक मुरडलं, मग चार खाल्ल्या. त्याला चूळ भरायला लावली, तुम्हीही लावा, ही गोळी दातांच्या फटीत बसते.

निकाल असा लागला. यात्रेसाठी संत्र्याचीच गोळी करायची, रंग घालायचा नाही. अन्न सुरक्षेची नोंदणी आहेच, पाकिटावर आत काय आहे ते आणि केल्याची तारीख लिहायची. एका पाकिटामागे खर्च जास्त येतो, तो सुनेनेच मांडून दाखवला, आणि म्हणून पाकिटात दोन गोळ्या कमी ठेवायच्या हेही तिनेच सुचवलं. साखर अजून बाजाराचीच आहे. गुळाचा वाटा वाढवून एक घाणा पुढच्या मंगळवारी करून बघणार आहोत, कारण काकीचा दुसरा प्रश्न वहीत तसाच आहे.

एक अडचण राहिली. दोघीदोघींनी ओढायला हात फार लागतात, खुंटी असेल तर एकीने भागतं. आम्हाला जुन्या घराची सागवानी खुंटी हवी आहे, हातभर लांब, गुळगुळीत, खिळा नसलेली. घर पाडताना कोणाकडे निघाली असेल तर जाळू नका, गटाकडे निरोप द्या. नमस्कार.